खाडीकडचं टर्मिनल

चेंदणी कोळीवाड्यात कान्हाच्या घराच्या माळ्यावर एक कॉम्प्युटर होता आणि त्याला झाकण नव्हतं. म्हणजे मुळात होतं, पण ते लावलं की यंत्र तापून बसायचं, म्हणून झाकण खाली गेलं आणि त्यावर सुकट वाळायला लागली. चंद्रभागेला, कान्हाच्या आईला, त्या सबंध यंत्रात तेवढी एकच गोष्ट कामाची वाटायची.

यंत्र आणलं होतं गोमाजीने, कान्हाच्या थोरल्या भावाने. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होता. पंच्याण्णव साली कारखान्याने नवी यंत्रं घेतली, जुनी भंगारात काढली. गोमाजीने साहेबाच्या मागे लागून एक जुनं, ३८६ जातीचं यंत्र आणि एक हिरव्या अक्षरांचं टर्मिनल मागून घेतलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. त्याला स्वतःचं डोकं नाही. लांब वायरीने खऱ्या कॉम्प्युटरला जोडलं तरच ते बोलणार. चार एमबी मेमरी, चाळीस एमबीची डिस्क असा सगळा संसार. आजच्या पोरांच्या मोबाइलमधले धड वीस फोटोही त्यात मावायचे नाहीत. पण त्या चार एमबीत दोघा भावांनी जी मजा केली, तिला तोड नाही.

कारखान्यात गोमाजी युनिक्स नावाच्या प्रणालीवर काम करायचा. घरच्या मरतुकड्या यंत्रावर तसंच काही चालेल का, हे त्याच्या डोक्यात बसलं. ठाकुर्लीला सुधीर नावाच्या मित्राकडे त्याच जातीच्या लिनक्सची सीडी होती. ती चोवीस फ्लॉप्यांवर उतरवून घरी आणायची आणि एकेक करून यंत्राला भरवायची. पहिल्या खेपेला सतरावी फ्लॉपी खराब निघाली. दुसऱ्या खेपेला सतरावी चांगली आणि विसावी खराब. चार रविवार ठाकुर्लीच्या वाऱ्या झाल्यावर पडद्यावर एकदाचं ‘लॉगिन’ असं उमटलं आणि गोमाजी असा ओरडला की शेजारची माणसं धावत आली. चंद्रभागेने खालून विचारलं, “काय जालं रं? इंचू चावला का?”

माळ्यावर मुख्य यंत्र. टर्मिनल परसाच्या टोकाला, खाडीच्या काठावरच्या जाळ्यांच्या खोपीत. मधल्या पेरूच्या झाडावरून वायर नेलेली. कान्हा माळ्यावर बसायचा, गोमाजी जाळी विणता विणता खोपीत, आणि दोघे एकमेकांना रोमन अक्षरांत मराठी लिहून निरोप धाडायचे. निरोप तरी काय? चहा झालाय. आई बोलावतेय. तुझी चप्पल कुत्र्याने नेली. हाक मारली असती तर याहून लवकर पोचलं असतं, पण हाकेत ती गंमत नाही.

त्या यंत्राची एकच खोड होती. आतली बॅटरी मेलेली. बंद केलं की त्याला काळवेळ आठवायची नाही. चालू केलं की दर वेळी १ जानेवारी १९८० पासून सुरुवात. मग आधी तारीख आणि वेळ हाताने टाकायची. हे काम कान्हाचं.

आणि त्या तारखेवर चालणारी गोमाजीची सगळ्यात लाडकी करामत म्हणजे ‘भरती’ नावाचा प्रोग्राम. त्यांचा बाप, दामाजी, खाडीचं पाणी तिथीवर सांगायचा. तिथीची पाऊणपट करायची की पाणी भरायची वेळ आली. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता पाणी भरणार. अष्टमी असेल तर सहा वाजता. कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही हे जाणायचं. गोमाजीने तेच हिशेबात बसवलं. यंत्र तारखेवरून तिथी काढायचं, तिथीवरून पाणी सांगायचं. दामाजी तोंडाने म्हणायचा, “डोक्यात हाय त्ये डब्यात कला घालायचा?” पण ओट्यावर चार माणसं बसली की तोच विषय काढायचा आणि पोराची आणलेली पेटी पाणी कसं बिनचूक सांगते ते ऐकवायचा.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात, अठ्ठावीस तारखेला, गोमाजीने रजा घेतली होती. सकाळी खाडीवर दाट धुकं होतं. कान्हाने यंत्र चालू केलं, घाईघाईत तारीख टाकली आणि कॉलेजला पळायच्या तयारीला लागला. तेवढ्यात पडद्यावर खोपीतून निरोप आला. ‘पाणी साडेचारला भरतंय. निवट्या धरायला जातो. एकपर्यंत येतो.’ निवट्यांच्या कालवणावर गोमाजीचा फार जीव. हे चिखलातले मासे, ओहोटीला तिवरांच्या झाडीपलीकडे चिखलात उतरून बिळांतून हाताने काढायचे असतात. चिखल मांडीपर्यंत. पाणी कधी वळतं हे ठाऊक असलेल्यानेच तिथे जावं.

पाणी सव्वादोनलाच भरलं.

दोन दिवस होड्या फिरल्या. तिवरांच्या मुळांत अडकलेली त्याची टोपली सापडली. आत निवट्या होत्या, अजून जिवंत. गोमाजी सापडला नाही.

तो गेला त्याच दिवशी संध्याकाळी कान्हा माळ्यावर यंत्र बंद करायला गेला. सहज त्याने यंत्राला तारीख विचारली. यंत्राने सांगितलं, २८ नोव्हेंबर १९८०. सकाळच्या घाईत त्याने महिना, दिवस, तास, मिनिटं टाकली होती. साल टाकलं नव्हतं. यंत्राने बिचाऱ्याने स्वतःचं ऐंशी साल धरून ठेवलं, सोळा वर्षांपूर्वीचा चंद्र धरून तिथी काढली आणि तीन तिथ्या पुढची भरती सांगितली. कान्हाने बटण बंद केलं आणि हे कुणाला सांगितलं नाही.

ओट्यावर दामाजी येईल त्याला एकच वाक्य ऐकवायचा. “तृतीया व्हती. सव्वादोनचा पानी. माझ्या पोराला तिथी ठाव नव्हती?” दर वेळी ते ऐकताना कान्हाला वाटायचं की आत्ता बोलावं. दर वेळी तो उठून परसात जायचा.

चंद्रभागेने दिवस घालू दिले नाहीत. खाडी माणूस ठेवून घेत नाही, परत देते, असं तिचं म्हणणं. मेला म्हणायला मेलेला दाखवा, म्हणाली, आणि त्यावर कोण काय बोलणार? घरात दोन माणसं दोन टोकांना आणि मधे कान्हा, पोटात दगड घेऊन.

पुढच्या वर्षी कोजागिरी झाल्यावर वर्तकनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासने शिकवायला माणूस मागितला. युनिक्स येणारा हवा होता. हात बसावा म्हणून कान्हाने अकरा महिन्यांनी यंत्रावरचं फडकं काढलं. डिस्क आधी कुरकुरली, मग फिरली. त्याने तारीख टाकली. साल टाकलं. तीनदा तपासलं. काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या तेव्हा त्याने उगाचच खिडकीबाहेर बघत वेळ काढला.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर कोण कधी येऊन गेलं ती यादी त्याने सहज काढली. त्यात दोन नावं होती. कान्हा, सकाळी दहा. गोमाजी, दुपारी तीन. जागा, खोपीतलं टर्मिनल.

कान्हा डोकं ठिकाणावर असलेला मुलगा होता. त्याने विचार केला की लांब वायर, उघड्यावर वर्षभर पडलेली. तीत विजेचा कचरा शिरतो आणि यंत्राला वाटतं कुणी कळा दाबतंय. असं होतं. गोमाजीनेच सांगितलेलं. फक्त कचऱ्याला गोमाजीचा पासवर्ड कसा ठाऊक, हे काही त्याला सुचेना.

तो खोपीत गेला. टर्मिनलवर गोणपाट होतं, गोणपाटावर धूळ. प्लग भिंतीतून काढून ठेवलेला.

तिसऱ्या दिवशी यादीत गोमाजी पावणेचारला आलेला होता. कान्हाने यंत्राच्या पाठची वायर उपटली आणि गुंडाळून खुंटीला टांगली. चौथ्या दिवशी गोमाजी साडेचारला आला.

जेवताना त्याने वडिलांना विचारलं, “बा, आज पाणी कधी भरलं?”

“षष्ठी आज. साडेचारला.” दामाजीने घास तसाच धरला. “कला रे?”

“असंच.”

“पानी इचारू नको मना,” दामाजी म्हणाला आणि ताट सारून उठला.

त्यानंतर कान्हाने यंत्र बंद केलं नाही. भरतीच्या वेळेला तो माळ्यावर जाऊन बसायचा. ठरल्या मिनिटाला यादीत नाव उमटायचं. तो निरोप टाकायचा, ‘दादा’. उत्तर नाही. ‘दादा, मी कान्हा.’ उत्तर नाही. पाणी उतरायला लागलं की नाव यादीतून जायचं. रीतसर बाहेर पडून नव्हे, ओढ बसून वायर तुटावी तसं. भीती वाटायची का? वाटायची. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटायचं. भाऊ खोपीत बसलाय, आपण माळ्यावर, मधे पेरूचं झाड. वर्षभरात पहिल्यांदा त्याला रात्रीची झोप नीट लागू लागली.

मग त्याने आणखी एक यादी काढली. गोमाजी आल्यावर यंत्राला काय काय विचारतो, त्याची. वीस दिवसांची यादी होती आणि तिच्यात दोनच गोष्टी होत्या. आधी तारीख. मग भरती. तारीख, भरती. तारीख, भरती. रोज, तेवढंच.

कान्हा ते वाचत राहिला आणि त्याच्या पोटातला दगड हलला. दादा अजून तिथेच आहे. तिवरांच्या पलीकडे उभा आहे आणि पाणी कधी येणार ते विचारतोय. आणि यंत्र त्याला सत्त्याण्णवचं पाणी सांगतंय, जे त्याच्या काही कामाचं नाही.

दिवाळी सरली. दामाजीने ठरवून टाकलं की वर्ष भरायच्या आत पोराचे दिवस घालायचेच. एका सकाळी तो आंबिवलीला बहिणीकडे बोलावणं द्यायला गेला. जाताना चंद्रभागेला म्हणाला, “तुला काय रडायचा तो रड. पन त्याला सोडव आता.” चंद्रभागा सूप घेऊन ओट्यावर सुकट निवडत बसली.

कान्हा माळ्यावर गेला. दिवस घातले की दादाची वाट बंद होणार, असं त्याला वाटत होतं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याला बरोबर वेळ सांगायची. चूक ज्याची, त्यानेच निस्तरायची.

सकाळचे अकरा वाजले होते. खाडीला ओहोटी होती, भरतीला बराच वेळ होता. खाली गल्लीत बोंबलांच्या दोरीवर कावळे हाकलणाऱ्या बाईचा आवाज येत होता. कान्हाने कळफलक पुढे ओढला आणि तारीख टाकली. अकरावा महिना. अठ्ठावीस. सकाळचे सहा.

मग साल. एकोणीसशे शहाण्णव.

बोट एंटरवर ठेवून त्याने साल पुन्हा एकदा वाचलं. मग दाबलं.

नाव लगेच उमटलं. भरतीची वाट न बघता.

गोमाजीने तारीख विचारली. मग भरती विचारली. यंत्राने हळूहळू, त्या जुन्या डिस्कच्या कुरकुरीसकट, उत्तर काढलं. कान्हाने आपल्या पडद्यावर तोच प्रोग्राम चालवून पाहिला. कार्तिक वद्य तृतीया. सव्वादोन.

आणि गोमाजी बाहेर पडला. रीतसर. कुणी ओढून नेल्यासारखं नाही. काम झाल्यावर माणूस उठतो तसं.

कान्हाने तोंडावर हात दाबून धरले. “सुटला,” तो म्हणाला. “सुटला रे दादा.” वर्षभर अडवलेलं रडू त्याने तिथे त्या बिनझाकणाच्या पेटीपुढे रडून घेतलं. त्याला वाटलं, आता खाली जाऊन आईला सगळं सांगता येईल. सालाचंही.

तो उठणार तोच पडद्यावर ओळ उमटली. गोमाजीकडून. त्याच रोमन अक्षरांतलं मराठी.

‘पाणी लवकर आहे आज. निवट्या राहू दे. घरी येतो.’

कान्हा पुन्हा खाली बसला.

थोड्या वेळाने दुसरी ओळ.

‘घरी आलो. घरात कोणी नाही.’

मग तिसरी.

‘चूल गरम आहे. चपला दाराशी आहेत. तुम्ही सगळे कुठे गेलात?’

कान्हाने कळफलक जवळ ओढला. त्याने लिहिलं, ‘इथेच आहोत दादा. मी माळ्यावर आहे.’

‘माळ्यावरच उभा आहे मी. तू नाहीस.’

कान्हा वळून बघायला धजला नाही. मागे फळीवर फ्लॉप्यांचे खोके होते आणि भिंत होती, हे त्याला पाठ होतं. त्याने फक्त पडद्याकडे पाहिलं.

‘थांब,’ पडद्यावर आलं. ‘आईला हाक मारून बघतो.’

कान्हाने कान दिले. कावळे, गल्लीतली बाई, लांबून एक गाडी पुलावरून कळव्याकडे गेली. हाक कुठेच नव्हती.

खाली ओट्यावर चंद्रभागेचं सूप थांबलं.

“ओ!” ती म्हणाली.

कोळीवाड्यात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. मेलेला माणूस एकदाच हाक मारतो, म्हणून आधी हाक तीनदा होऊ द्यायची, मग बोलायचं. दोन्ही पोरांना हे चंद्रभागेनेच शिकवलेलं, चापट मारून.

“आयले रं, आयले,” ती म्हणाली. तिच्या आवाजात वर्षभरात नसलेलं काहीतरी होतं. कान्हाने खिडकीतून पाहिलं. तिने पदराला हात पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घाईने आत गेली.

“आये!” कान्हा ओरडला. “आये, थांब!”

तो शिडीवरून जवळजवळ पडतच खाली आला. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. तो आतल्या खोलीत गेला. चुलीवर भात रटरटत होता, झाकण हलत होतं. आत चंद्रभागा नव्हती.

त्या खोलीला दुसरं दार नव्हतं.

तो परसात गेला, खोपीत गेला, गल्लीत गेला. कावळे हाकलणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, “आता तं आत गेली तुजी आय. मी बगली ना.” तो पुन्हा आतल्या खोलीत आला. भात करपायला लागला होता. त्याने तो उतरवला, कारण दुसरं काय करावं ते त्याला कळेना.

मग तो शिडी चढून वर गेला.

पडद्यावर दोन ओळी येऊन थांबल्या होत्या.

‘आई भेटली.’

‘तुलाही हाक मारू?’